तोंड उघडून दाखवता का?

कुणी काही द्यायला किंवा विकायला आलं की आमचे दाते सर खुर्ची पुढे ओढायचे आणि विचारायचे, "तोंड उघडून दाखवता का?" मग तो मिक्सर विकायला आलेला असो की निवडणुकीचं आश्वासन घेऊन आलेला. समोरचा गोंधळायचा आणि आम्ही स्टाफरूममध्ये पदराआड हसायचो.

दाते हे त्यांचं आडनाव नव्हे, आम्हीच ठेवलेलं नाव. त्यांचे वडील घोडेगावच्या बाजारात लोकांना बैल पारखून द्यायचे. बैलाचं वय त्याच्या दातांवरून कळतं, म्हणून आधी तोंड उघडायचं, मग बाकीचं बोलायचं. सर सांगायचे, "मालक कासरा आखूड धरून गोड बोलाया लागला, का आमचा बाप पुढच्या दावणीला जायचा. बैल वाईटच आसंल आसं न्हाई. पन बघू दिलं न्हाई ना!"

बेलापूरजवळच्या आमच्या शाळेत ते संगणक शिकवायचे आणि मी विज्ञान. कुठल्याशा कचेरीने टाकून दिलेली पंधरा यंत्रं त्यांनी टेम्पोतून आणली आणि त्यांवर लिनक्स घातलं. संगणकाला चालवणारी ही मूळ यंत्रणा कुणीही फुकट घ्यावी, आत डोकावावं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं, अशी तिची रीत. सरांचा जीव जडला तो त्या रीतीवर. यंत्रणेतले शब्द त्यांनी स्वतः बसून मराठीत केले. नको त्या फायली जायच्या त्या जागेला 'उकिरडा'. आणि संगणक बंद करताना पडद्यावर यायचं, 'निघालास? नीट जा.' पोरं दप्तर उचलता उचलता "व्हय सर!" म्हणून ओरडायची. मी म्हणायचे, "सर, हे काय संगणकाचं मराठी आहे?" ते म्हणायचे, "बाई, घरातनं मानूस निघाला तर आपन काय म्हनतो?"

सर ख्रिस्ती, त्यामुळे नाताळला श्रीरामपूरहून त्यांच्या घरचं फराळाचं ताट यायचं. त्यात करंजी, चकली आणि एक सीडी. दर वर्षी त्या यंत्रणेची नवी आवृत्ती. करंज्या आम्ही खायचो, सीडी मी कपाटात टाकायचे. हे आता सांगताना लाज वाटते.

मग एक संगणकाची कंपनी आली. तिचा माणूस चटपटीत आणि बोलायला नम्र. म्हणाला, "तुमची यंत्रणा तशीच राहील, फुकटच राहील. आम्ही फक्त ती सुधारून देऊ." सरांनी खुर्ची ओढली. "तुमी जे सुधारनार, ते आमाला उघडून बघता येईल का?"

"पुढच्या आवृत्तीत नक्की, सर."

"मग लेखी द्या."

लेखी काही आलं नाही. सरांनी दोनदा आठवण करून दिली, तरी नाही. मुख्याध्यापक वैतागले. आणि त्यांच्याहून जास्त वैतागले मी. पोरांना नवं काही मिळतंय आणि हा माणूस दात मोजत बसलाय! मी तोंडावर म्हटलं, "सर, तुम्हाला सगळ्या जगाचाच संशय." ते शांतपणे म्हणाले, "पोरगं गुनाचं हाय, बाई. पन त्याच्या शब्दावर त्याच्या मालकाची सही न्हाई." शेवटी मी सगळ्या शिक्षकांना पटवलं आणि ठराव झाला. सरांनी एवढंच मागितलं की खिडकीपाशचा एक संगणक तसाच राहू द्या. आम्ही त्याला 'सरांचा म्हातारा बैल' म्हणायला लागलो.

पहिलं वर्ष झकास गेलं. रंग आले, चित्रं हलू लागली. 'निघालास? नीट जा' जाऊन तिथे 'यंत्रणा बंद होत आहे' आलं. मी सरांना डिवचायचे, "काय सर, बैल चालतोय की!" ते मनापासून हसायचे. "चालू दे की. तो बसावा आसं मला कुठं वाटतंय?" त्याच वर्षी ते निवृत्त झाले.

दुसऱ्या वर्षी ती कंपनी दुसऱ्या कुणी विकत घेतली. सुधारलेल्या यंत्रणेत शिरायला कंपनीच्या दारातून जावं लागायचं आणि नव्या मालकाने ते दारच बंद केलं. एका सोमवारी चौदाच्या चौदा पडद्यांवर एकच ओळ होती, 'ही सेवा थांबवण्यात आली आहे.' आमच्या नववीच्या मुलींनी गावातल्या विहिरींची माहिती वर्षभर हिंडून गोळा केली होती. फोटो, नकाशे, म्हाताऱ्यांची बोलणी सगळं आत अडकलं. गुरुवारी प्रदर्शन. मुली माझ्याकडे बघत होत्या, कारण कंपनीची बाजू मीच मांडली होती.

मी सरांना फोन केला. तेव्हा त्यांच्या छातीचं दुखणं सुरू झालं होतं, तरी ते एसटीने आले. खिडकीपाशच्या म्हाताऱ्या बैलावरून एका पेनड्राइव्हवर जुनी यंत्रणा घेतली आणि तिच्या आधारे एकेक संगणक उघडला. आधी मुलींचं काम बाहेर काढलं, मग जुनी यंत्रणा परत घातली. तीन दिवस लागले. मी चहा देत होते आणि टोमण्याची वाट बघत होते. टोमणा येईना. शेवटी मीच म्हटलं, "सर, एकदा बोलून घ्या मला. मोकळं वाटेल."

ते मान वर न करता म्हणाले, "दात घ्यायच्या आधी बघायचे आस्त्यात, बाई. एकदा बैल दावनीला बांधला, का मग चारा घालायचा."

सर गेले त्याला आता दोन वर्षं झाली. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी शाळा लवकर सुटली. संगणक बंद करायला मीच गेले. चौदा झाले, मग खिडकीपाशचा. पडद्यावर आलं, 'निघालास? नीट जा.'

इतक्या वर्षांत मी कधी उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी रिकाम्या वर्गात मोठ्याने म्हणाले, "व्हय सर."