पातेलं खरं बोलतं

सुमनआत्याकडं जेवायला गेलेल्या पाहुण्याला "भाजी कशी झाली?" असं तिनं कधी विचारलं नाही. पाहुणे हात धुवायला उठले की ती आत जाऊन पातेल्यावरचं झाकण उचलून किती उरलं ते बघायची. म्हणायची, "पाव्हणा गोड बोलतो, पातेलं खरं बोलतं." पंगतीत मी असलो की मात्र झाकणाला हातसुद्धा लावायची नाही. "ह्यो असला की मोजमाप बाद. ह्याला करपलेलंबी पुरत न्हाई."

नांदेडच्या एका बी.एड. कॉलेजात ती संशोधन पद्धती शिकवायची आणि सुटीत आम्हा भाच्यांना धरायची. "पुन्हा पुन्हा सारखंच उत्तर आलं की विश्वसनीयता. जे मोजायचं होतं तेच मोजलं गेलं, तर वैधता. समजलं का रं?" मी दरवेळी "हाव" म्हणायचो. त्यावर ती सगळ्यांना सांगायची, "बघा, ह्याचं हाव लई विश्वसनीय हाय."

मला ते खरंच समजलं ते माझ्या लेकीच्या, प्रज्ञाच्या सोयरिकीत. हदगावचं स्थळ, मुलगा सरकारी नोकरीत, माणसं चांगली. लातूरला आमच्या घरी बैठक झाली. प्रज्ञाला पाहुण्यांपुढं विचारलं, तिच्या आजीपुढं विचारलं, नंतर मी एकट्यानं विचारलं. प्रत्येक वेळी "हो, बाबा." साखरपुड्याची तारीख धरण्याआधी मी खुशीत आत्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती बसनं दारात हजर.

"उत्तर सारखं आलं म्हणून खरं झालं काय? लेकरू तुझ्या तोंडाकडं बघून बोललं. तू पसंती न्हाई मोजली, तुझा धाक मोजलास."

"माझा धाक? आत्या, घरातलं मांजर ऐकत नाही माझं!"

"मग माया मोजलीस. तीबी मोजमाप बिघडवती."

तिनं प्रज्ञाला जवळ बसवलं. "स्थळाचं राहू दे. तू न्हाई म्हणलीस, तर तुझा बाप काय करील?"

प्रज्ञा खाली बघून म्हणाली, "जेवणार नाहीत."

आत्या उठली. माझ्यापुढं पिठलं-भाकरीचं ताट ठेवलं. "हाण." लेकीसमोर मी मुकाट्यानं जेवलो, पिठलं पुन्हा मागून घेतलं, ते काही नाटक नव्हतं. "आता विचार," आत्या म्हणाली.

"बाई, तुला हे स्थळ नकोय का?" मी प्रज्ञाला विचारलं.

"असं न्हाई! उत्तर प्रश्नात कोंबू नको."

"बरं. तुला काय वाटतं, बाई?"

प्रज्ञानं माझं रिकामं ताट पाहिलं. "मला आधी एम.एस्सी. पुरी करायचीय, बाबा. लग्नाचं आत्ता नको." आणि डोळे पुसत हसली. हदगावला मी नकार कळवत असताना आत्या शेजारी बसून होती, फोनवरही मी सवयीनं "हाव" म्हणेन म्हणून.

प्रज्ञा आता शिकवते. गेल्या वर्षी आत्या आजारी पडली. फोनवर रोज एकच, "लई बरं हाय. येऊ नको." रोज तेच ऐकल्यावर मी नांदेडची बस धरली. बायकोनं आत्याच्या आवडीची चुक्याची भाजी करून दिली होती. आत्या पलंगावर टेकून जेवायला बसली. "झकास झाली. सूनबाईला सांग."

मी त्या दिवशी मुद्दाम काही खाल्लं नव्हतं. भांडी उचलून आत गेलो आणि पातेल्यावरचं झाकण काढलं. भाजी जवळजवळ आणली तशीच होती.

"काय करून राहिलास रं आत?" तिनं बाहेरून विचारलं.

"काही नाही," म्हणालो, आणि बायकोला फोन करून माझे कपडे पाठवायला सांगितले.