"हव, नाही जमत"

रायपुरात गुढियारीच्या गोदामांजवळ माझे काका हमालांचे सरकलेले मणके बसवतात. आधी चपला उलटून कोणती बाजू जास्त झिजली ते बघतात, मग मणक्यावरून बोटं खाली नेत पुटपुटतात, "हव, इथंच रुसून बसला." रायपूर राजधानी झालं, मोठे दवाखाने आले, तरी त्यांच्या दारातली रांग आटली नाही.

माझ्या बायकोचे पाय सुन्न पडायचे, एका डोळ्यासमोर धुकं यायचं. डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार सांगून इंजेक्शनं सुरू केली. मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. मोबाइलवर वाचलं की वाकड्या मानेनं रक्त अडतं आणि त्यातूनच हा आजार होतो. इंजेक्शन थांबवून तिला काकांकडे नेलं.

त्यांनी सगळं ऐकलं. "सूनबाई, मान झुकवली की पाठीत करंट लागते?"

ती हो म्हणाली. त्यांनी हाताचं तेल पुसलं.

"मी या मानेले हात नाही लावत."

"काहून काका?"

"हे हाडाचं दुखणं नाही. तू शिकलेला ना? मग डॉक्टरचं काहून नाही ऐकत?"

रांगेतले हमाल हसले. मी चिडलो. "म्हणजे तुम्हाले जमत नाही."

"हव, नाही जमत," ते सगळ्यांसमोर म्हणाले. मग तिला विचारलं, "सुई कधी होती?"

"सोमवारी. यांनी थांबवली."

काकांनी रांगेला उद्या यायला सांगितलं, दार ओढलं आणि तिला धरून रिक्षात बसवलं. शेजारी स्वतः बसले.

"ये आता," मला म्हणाले, "दवाखाना कुठं आहे ते सांग."