बाईंचा घसा आणि घड्याळजींचं दही

बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणाऱ्या बाईंना समोर सगळे ‘बाई’ म्हणत आणि माघारी ‘भोंगा’. बाईंना दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या नावाचा त्यांना थोडा अभिमानच होता. भोंगा म्हणजे लांबवर ऐकू जाणारी गोष्ट. बाईंनी एकदा गाडीचं नाव घेतलं की फलाटाच्या टोकाला झोपलेला माणूससुद्धा पिशवी उचलून पळत सुटे.

अडचण एवढीच होती की घरी आल्यावरही बाई घोषणाच करत. घोषणा दोनदा करायची असते, हा नोकरीतला नियम त्यांच्या अंगात मुरला होता. "भात तयार आहे, हात धुऊन यावं," असं त्या स्वयंपाकघरातून म्हणत, आणि लगेच त्याच चालीत पुन्हा म्हणत. शेजारीण गमतीनं म्हणायची, "मला घड्याळ लागत नाही. बाईंचा भात झाला की मी कुकर लावते."

नवरा मात्र घड्याळजी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. रस्त्याकडे काचेचा गल्ला, भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं, मागे एक पडदा आणि पडद्यामागे स्वयंपाकघर. एका डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर मान खाली घालून बसत. बोलणं म्हणजे ‘हं’. होकाराचं ‘हं’ वेगळं, नकाराचं वेगळं, आणि ‘बघू’ असं सांगणारं तिसरं. एवढ्या तीन नाण्यांवर त्यांचा संसार सुखात चालला होता. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तेव्हा निरोपाला ते ‘हं’च म्हणाले होते, फक्त जरा ओलं.

एके दिवशी ऐन गर्दीच्या वेळी घोषणा करता करता बाईंचा आवाज मधेच फाटला. लोकांनी वर कर्ण्याकडे पाहिलं. कर्णा ठणठणीत होता.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "स्वरतंतूवर गाठ आहे. साधीच आहे, काढून टाकू. पण त्यानंतर बोलायचं नाही."

"हळू बोललं तर?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"कुजबुजले तर?"

"त्यानं जास्त ताण पडतो. मी सांगेपर्यंत एक शब्द नाही. हाताची घडी, तोंडावर बोट." डॉक्टर घड्याळजींकडे वळले. "घरी लक्ष कोण ठेवेल?"

"हं," घड्याळजी म्हणाले. बाईंना त्या ‘हं’मध्ये जरा जास्तच उत्साह जाणवला.

शस्त्रक्रिया सुरळीत झाली आणि बाई मूग गिळून घरी येऊन बसल्या. लिहून सांगायला मुलीची जुनी पाटी माळ्यावरून काढली होती, पण तिचा उपयोग होईना. बाई लिहीत बोलल्यासारख्याच. ‘मागच्या खोलीतल्या खिडकीच्या वरच्या फळीवर डाव्या हाताला जो निळ्या झाकणाचा’ इथपर्यंत पाटी भरे, आणि त्या डब्याचं करायचं काय ते सांगणारं क्रियापद पाटीबाहेर राही. घड्याळजी क्रियापदाची वाट बघत उभे राहत. बाई पाटी पुसत, पुन्हा लिहीत, आणि पुन्हा डब्यापाशीच येऊन थांबत. शेवटी त्यांनी पाटी कोपऱ्यात टाकली आणि हातवाऱ्यांवर आल्या.

गरम, तिखट बंद होतं. गार आणि मऊ चालणार होतं. विकतचं आइस्क्रीम आणलं, तर ते इतकं गोड की बाईंनी दोन चमचे खाऊन वाटी नवऱ्याकडे सरकवली. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, तुम्हीच करा काहीतरी घरी. सोपं आहे. दही फडक्यात बांधून टांगायचं. पाणी निथळलं की मध घालून फेटायचं. ताटात कागद घालून त्यावर पसरायचं, वर फळं लावायची आणि फ्रीझरमध्ये ठेवायचं. कडक झालं की तुकडे करायचे. झालं. आई, ऐकतेयस ना? नको नको, बोलू नकोस."

घड्याळजींनी त्या स्वयंपाकघरात आजवर पाणी प्यायलाच पाऊल टाकलं होतं. पण ते लगेच उठले आणि गल्ल्यातून काचा पुसायचं पिवळं फडकं घेऊन आले. बाई दारात आडव्या झाल्या. त्यांनी ते फडकं दोन बोटांनी उचलून खिडकीबाहेर धरलं आणि मग कपाटातून स्वच्छ मलमल काढून दिली.

दह्याची पुरचुंडी टांगायला स्वयंपाकघरात खिळा नव्हता. दुकानात मात्र खिळेच खिळे. घड्याळजींनी एक भिंतीवरचं घड्याळ उतरवून तिथे दही लटकवलं, खाली पातेलं ठेवलं आणि समाधानानं झोपायला गेले. सकाळी पाहिलं तर पातेलं हातभर अलीकडे होतं, आणि खाली उघडून ठेवलेलं एका गिऱ्हाइकाचं गजराचं घड्याळ दह्याच्या पाण्यानं काठोकाठ भरलं होतं.

"घड्याळात पाणी गेलं," घड्याळजी म्हणाले.

बाई चमकल्या. कर्ता, क्रियापद, सगळं होतं त्यात.

दही मात्र लोण्यासारखं घट्ट झालं होतं. घड्याळजींनी मध घालून ते फेटलं आणि थेट ताटात ओतायला लागले. कागद राहिला होता. बाईंनी दोन्ही हात पसरून कागद उलगडल्याची खूण केली. घड्याळजींनी वर्तमानपत्र आणून त्यांच्या हातात दिलं. बाईंनी ते आपटलं, बोटानं ताट दाखवलं, मग तळवा ताटाच्या खाली नेऊन दाखवला. घड्याळजींनी ताट उचलून खालचा ओटा पुसून घेतला. बाईंनी कपाळावर हात मारला आणि हताश होऊन वर पाहिलं.

"पंखा लावू?" घड्याळजींनी विचारलं.

शेवटी कागदाविनाच दही पसरलं गेलं. फळं लावायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी डोळ्याला भिंग चढवलं आणि धुऊन घेतलेल्या चिमट्यानं एकेक डाळिंबाचा दाणा उचलून ठेवायला सुरुवात केली. मधे केळ्याच्या चकत्या, कडेनं अर्ध्या कापलेल्या द्राक्षांचं रिंगण. बाईंना आधी काही कळेना. काम संपल्यावर त्यांनी वाकून पाहिलं तर ताटात घड्याळाची तबकडी तयार झाली होती. आंब्याच्या दोन फाकींचे काटेसुद्धा होते, आणि ते दहा वाजून दहा मिनिटं दाखवत होते, दुकानात विकायला ठेवलेल्या घड्याळांत असतात तसे.

ताट फ्रीझरमध्ये गेलं आणि दुपारी बाहेर आलं. दही दगडासारखं झालं होतं आणि ताटाला असं चिकटलं होतं, जणू दोघं एकत्रच जन्माला आली होती. उपडं करून झालं, पाठीवर थापटून झालं. मग घड्याळजी ताट घेऊन गल्ल्यावर गेले आणि छोटी हातोडी नि पेचकस घेऊन बसले. बाई मागे धावल्या आणि ‘नको, नको’ असे दोन्ही हात हलवायला लागल्या, तोच स्थानकाचे साहेब दुकानाच्या पायरीवर आले.

पहिल्या ठोक्याला काही झालं नाही. दुसऱ्या ठोक्याला एक चांगला मोठा तुकडा उडाला आणि साहेबांच्या सदऱ्याच्या खिशात जाऊन पडला.

साहेबांनी खिशात पाहिलं. तुकडा काढला. तो परत द्यावा की फेकावा हे न सुचून त्यांनी तो तोंडात टाकला.

"छान आहे," ते जरा वेळानं म्हणाले. "काय आहे हे?"

"दही," घड्याळजी म्हणाले.

साहेब स्टुलावर बसले आणि गाऱ्हाणं सांगायला लागले. "बाई, तुम्ही कधी येताय? तुमच्या जागी तिकीट खिडकीवरचा कारकून बसवलाय. तो बोलतो ते त्याचं त्यालाच ऐकू येत नाही. काल फुटबॉलचा अख्खा संघ भलत्या गाडीत बसला. सामना एका गावी, संघ दुसऱ्या गावी."

बाईंना राहवेना. एवढं होऊनही गप्प बसायचं म्हणजे काय? त्यांनी तोंड उघडलं.

"अगं, तोंड मीट," घड्याळजी म्हणाले.

हे वाक्य बाईंना जन्मात कोणी ऐकवलं नव्हतं. वडिलांची छाती झाली नव्हती, सासूची नाही. नुसत्या आश्चर्यानंच त्यांचं तोंड मिटलं. आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा नवरा साहेबांशी बोलत बसला. गाठ कशी होती, डॉक्टर काय म्हणाले, कारकुनाला माइकच्या किती जवळ बसवावं, सगळं. साहेब उठले तेव्हा ताट अर्धं झालं होतं.

त्या दिवसापासून घड्याळजींचा बांध फुटला. दुसरं ताट करताना त्यांनी कागद आठवणीनं घातला, आणि करता करता बोलत राहिले. घरात एक मोठी जागा मोकळी झाली होती आणि ती कोणीतरी भरायला हवी होती, असं काहीसं त्यांचं झालं असावं. "दही बांधलं. आता टांगतोय. पातेलं बरोबर खाली आहे." इथपर्यंत ठीक होतं. पुढे पुढे त्यांना मतंही फुटायला लागली. दुकानामागचा पडदा त्यांना कधीच आवडला नव्हता. बाईंचा भाऊ माणूस चांगला होता, पण जेवताना फार आवाज करायचा. वांग्याची भाजी ते इतकी वर्षं खात होते, कारण ‘नको का?’ असं कोणी विचारलं नव्हतं.

बाई ओट्याला टेकून ऐकत होत्या. उत्तरं जिभेच्या टोकाशी येऊन रांगेत उभी होती आणि एकालाही बाहेर पडायची सोय नव्हती.

"आणि एक सांगू?" चिमट्यानं दाणे लावता लावता घड्याळजी म्हणाले. "डाव्या कानानं मला फारसं ऐकू येत नाही."

बाई ताठ झाल्या. घरात त्यांची खुर्ची घड्याळजींच्या डाव्या हाताला होती. जेवतानाही त्या डावीकडे, रात्री बिछान्यातही डावीकडे. इतक्या वर्षांतलं सगळं, सासरचं, माहेरचं, स्थानकावरचं, शेजारणीचं, त्यांनी त्या डाव्या कानात ओतलं होतं. या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायलाही आधी या कानानं ऐकू यावं लागतं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी, आणि तेसुद्धा दोन दोनदा.

त्यांनी कोपऱ्यातली पाटी उचलली. या वेळी एकच शब्द लिहिला. ‘कधीपासून?’

"दुकान सुरू केलं त्यानंतर कधीतरी. हळूहळू."

‘सांगितलं का नाही?’

"मधे जागा कुठे होती?"

बाईंनी पाटी आपटली, फ्रीझर उघडला आणि कालच्या दह्याचे तुकडे कडाकडा चावत बसल्या. दुखत होतं, पण रागापुढे त्याचं काय. चार तुकडे झाल्यावर त्यांचं चावणं मंदावलं. त्यांनी पाटी पुन्हा ओढली आणि आधीचं पदरानं पुसलं. मग लिहिलं, ‘आई गेली त्या रात्री?’

त्या रात्री बाई पहाटेपर्यंत बोलत होत्या. आईचं सगळं आयुष्य त्यांनी अथपासून सांगितलं होतं, आणि घड्याळजी नुसते पाठीवर हात ठेवून बसले होते.

घड्याळजींनी भिंग काढलं. "त्या रात्री मी उठून पलीकडे बसलो होतो," ते म्हणाले. "उजवा कान तुझ्याकडे यावा म्हणून. तुझी आई लहानपणी विहिरीत पडली होती आणि तिला म्हशीनं वाचवलं, ते मला तेव्हाच कळलं."

बाई उठल्या. आपली खुर्ची उचलून त्यांनी ओट्याला वळसा घातला, ती घड्याळजींच्या उजव्या हाताला ठेवली आणि तिच्यावर बसल्या. घड्याळजींनी डाळिंबाची वाटी त्यांच्याकडे सरकवली. ते ताट दोघांनी मिळून लावलं. बाईंनी लावलेले दाणे जरा वाकडे गेले, त्यावर घड्याळजी म्हणाले, "असू दे. पाच मिनिटं पुढे आहे."

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. "छान भरलंय. आता बोला, पण थोडंच. आवाज चढवायचा नाही."

डॉक्टर, परिचारिका, घड्याळजी, तिघंही बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. बाईंनी घड्याळजींकडे बोट दाखवलं.

"यांचा डावा कान बघा," त्या म्हणाल्या. आवाज मऊ होता, नव्या कापडासारखा. मग सवयीनं पुन्हा म्हणाल्या, "यांचा डावा कान बघा."

घड्याळजींना खुर्चीत बसवलं गेलं. डॉक्टरांनी कानात उजेड टाकला, थोडा वेळ पाहिलं, एक थेंब सोडला आणि मग बराच वेळ खुडखुड करून चिमट्यानं काळपट, घट्ट असं काहीतरी बाहेर काढलं.

"कापूस आहे," डॉक्टर म्हणाले. "मळाबरोबर बसून बसून दगड झालाय. कधी घातला होतात?"

घड्याळजी विचारात पडले. "दुकान नवं होतं तेव्हा गजर तपासताना घालत असे. दिवसभर गजर वाजायचे. एखादा बोळा राहून गेला असेल."

"गजर," बाई म्हणाल्या.

"गजरच."

"आणि गजर एकाच कानाला ऐकू यायचे?"

डॉक्टर हात धुवायला बेसिनकडे गेले. बराच वेळ हात धूत राहिले.

घरी आल्यावर घड्याळजी दुकानात शिरले आणि दारातच थबकले. भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम त्यांच्या अंगावर आली. "ही एवढा आवाज करतात?" ते म्हणाले आणि भिंतीवरची दोन-तीन काढून पडद्यामागे ठेवून आले. स्वयंपाकघरात बसून दह्याचा तुकडा चावला तर तोही दोन्ही कानांत कडाडला, म्हणून ते चोखून खायला लागले.

बाई पुन्हा कामावर रुजू झाल्या. आवाज पूर्वीएवढा राहिला नाही, पण लोक आता कान देऊन ऐकायला लागले आणि फुटबॉलचा संघ पुढच्या सामन्याला योग्य गावी पोहोचला. साहेबांनी सुचवल्यावरून बर्फाच्या डब्यातून दह्याचे तुकडे अधूनमधून स्थानकावर जातात. चालक मंडळी त्यातल्या आंब्याच्या काट्यांसाठी भांडतात.

घरी वांगं बंद झालं. पडदा बदलला. कापसाचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. बाई रोज उजवीकडे बसून तो नव्यानं काढतात, घड्याळजी रोज ‘गजर’ एवढंच म्हणतात, आणि ताटातलं संपलं की दोघं उठून आपापल्या कामाला लागतात.