चष्म्याच्या दुकानाची काच

हिंगोलीतल्या माझ्या चष्म्याच्या दुकानाची दर्शनी काच दर सोमवारी एक चाचा येऊन पुसतात. बाजारातली वस्तू आहे तशी वापरणं त्यांना कमीपणाचं वाटतं. त्यांच्या वायपरचा दांडा म्हणजे फवारणी पंपाची नळी, आणि रबर स्कूटरच्या ट्यूबमधून कापलेलं. काच पुसायचं पाणीही घरीच बनवलेलं: रिठा, लिंबू आणि तिसरं काहीतरी. ते काय, असं विचारलं की चाचांना खोकला येतो. "काहून सांगू? उद्या सगळं गाव बनवून राहील!"

गेल्या महिन्यात त्यांनी त्या पाण्यात आणखी सुधारणा केली. दुसऱ्याच दिवशी कनेरगाव नाक्याहून आलेले एक आजोबा दार सोडून थेट काचेतूनच आत यायला निघाले आणि नाक धरून खाली बसले. मी चाचांना बोलावून घेतलं. त्यांनी आल्या आल्या काचेवरचा नाकाचा डाग पुसला.

"भाऊ, तुमच्याकडं येणाऱ्याला दिसत न्हाई, त्यात माझ्या काचेचा काय कसूर?"

पण आजोबांना हाताला धरून स्टुलावर बसवलं त्यांनीच, पाणीही त्यांनीच पाजलं. मग बराच वेळ काचेसमोर उभे राहिले. शेवटी तेल चोपडलेल्या आपल्या डोक्यावरून हात फिरवला आणि आजोबांच्या नाकाच्या उंचीवर काचेवर अख्खा पंजा उठवला.

आता दर सोमवारी ते आधी जुना पंजा पुसतात, काच लख्ख करतात, दोन पावलं मागं जाऊन ती डोळे भरून पाहतात. मग तोंड रस्त्याकडं फिरवून डोक्यावरून हात फिरवतात.