भिकूकाकांचं बाकडं

आमच्या चाळीत कुणीही शिरलं की भिकूकाका म्हणायचे, "बसा, दम खावा. जिना कुटं पलून जात नाय." नवी नवरी म्हणून मी पनवेलला आले तेव्हा मलाही त्यांनी हेच सांगितलं. आता बसायचं कुठे, डोंबल! रस्त्यापासून जिन्यापर्यंतच्या अंधाऱ्या बोळात मोडक्या खाटा, जळणाची पोती आणि मध्येच एक सायकल. तिच्यात अडकून माझा शालू गृहप्रवेशाआधीच फाटला.

काका मिठागरावर मुकादम होते. बोळालगतच्या खोलीत एकटेच राहायचे. त्यांची थोरली बहीण जानकी दर बुधवारी उरणकडून सुक्या मासळीची पाटी घेऊन यायची. वास येतो म्हणून चाळकऱ्यांनी ती पाटी आत आणायला बंदी केली होती. बाहेर ठेवावी तर मांजरं टपलेली. मग म्हातारी गटाराच्या कडेला उन्हात बसून भावाशी बोलायची. काकांच्या ते फार जिवाला लागायचं.

शेवटी त्यांनी कंबर कसली. अडगळ काढली, फळ्या ठोकून बंद केलेली खिडकी उघडली, भिंतीशी लांबलचक बाकडं टाकलं आणि शेजारी पाण्याचा माठ ठेवला. भिंतींना चुना स्वतःच्या हातांनी दिला. चुना पक्का बसावा म्हणून त्यात थोडं मीठ घालतात. काकांचा हात पडला मिठागरवाल्याचा! त्यांनी पसापसा मीठ ओतलं. मीठ ओल धरतं; ती भिंत पुढे वर्षानुवर्षं काही वाळेना. टेकेल त्याची पाठ पांढरी व्हायची.

तरी बोळ इतका छान झाला, की बाजारातून येताना मी मुद्दाम बसायचे. पुढच्या बुधवारी काकांनी बहिणीला पाटीसकट आत आणून बसवलं आणि दामूअण्णा भडकले. अण्णा माडीवर राहायचे. कचेरीत कारकून, अंगात सदा काळा कोट. "ही चाळ आहे की मासळीबाजार?" म्हणत त्यांनी थेट मालकांना बोलावणं धाडलं. मालक नाही म्हणाले असते तर बाकडं गेलं असतं आणि जानकी पुन्हा गटाराकडेला.

मालक आले तेही नेमके बुधवारी. आम्ही सगळे बोळात जमलो. जानकी पाटी घेऊन उंबऱ्याबाहेर उभी. अण्णा म्हणाले, "या बाकड्यावर कुणी सभ्य माणूस बसलेला मी तरी पाहिला नाही." आणि बाकडं दाखवायला वळले. काळा कोट खांद्यापासून कमरेपर्यंत पांढरा!

काका पुढे झाले आणि हलक्या हाताने कोट झटकू लागले. "अण्णा, उंद्या बसाल तवा जरा म्होरं सरकून बसा. भित वली हाय."

मालकांना हसू आवरेना. अण्णा लालबुंद झाले, क्षणभर घुटमळले आणि मग जानकीला म्हणाले, "बाई, आत या. उन्हात किती उभ्या राहाल?"

काका गेले ते बऱ्याच वर्षांनी. त्यांना न्यायच्या आधी सगळी मंडळी त्याच बाकड्यावर दाटीवाटीने बसून होती. स्मशानातून परतली तेव्हा दामूअण्णांची पाठ पांढरी दिसली. मी झटकायला हात पुढे केला.

"राहू दे, सूनबाई," ते म्हणाले आणि तसेच जिना चढून गेले.