महिनाभर पुरलेली मॅच

आख्ख्या युरोपात अमेरिकन फुटबॉल माझ्या मामेसासऱ्यांइतका कुणाला समजत नसेल, आणि इतक्या भलत्या कारणांसाठी तो कुणाला आवडतही नसेल. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे, मृदुलाचे, सख्खे मामा. मूळचे कुडाळचे. ऐन पंचविशीत जर्मनीत झिंडेलफिंगेनला आले, तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात ब्रेक तपासायच्या विभागात लागले आणि पुढची पस्तीस वर्षं तिथेच राहिले. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणत, तेही स्टॉपवर बस चुकल्यासारखं. आयुष्यात कधी अमेरिकेला गेले नाहीत, जायची इच्छाही नव्हती. पण तरुणपणी त्यांच्या शेजारी जवळच्या अमेरिकन छावणीतला एक सार्जंट राहायचा. त्याची बदली झाली तेव्हा तो आपला व्हीसीआर आणि फुटबॉलच्या सहा कॅसेटी मामांच्या दारात ठेवून गेला. त्या व्हीसीआरला जर्मन वीज चालेना, म्हणून मामांनी विटेएवढा ट्रान्सफॉर्मर आणला, आणि त्या हिवाळ्यात सहाच्या सहा कॅसेटी पाठ केल्या. तेव्हा जे लागलं ते सुटलं नाही.

सुपर बोल म्हणजे या खेळाची वर्षातली शेवटची, सगळ्यांत मोठी मॅच. फेब्रुवारीतल्या रविवारी तिकडे संध्याकाळी सुरू होते, तेव्हा आपल्याकडे जर्मनीत मध्यरात्र उलटलेली असते. मामा नऊला झोपणारे. त्यामुळे ते मॅच रेकॉर्ड करायचे आणि सोमवारी उरलाउब, म्हणजे हक्काची रजा, काढून दिवसाउजेडी बघायचे. तोवर निकाल कानावर पडू नये म्हणून रविवारपासून फोन बंद, बेल बंद, पेपर दारातच. एका वर्षी सकाळी ब्रेत्सेल, म्हणजे इथले वेटोळ्याचे पाव, आणायला गेले आणि बेकरीतल्या बाईंनी हौसेने निकाल सांगून टाकला. मामांनी ब्रेत्सेल घेतले, "डांके" म्हणाले, आणि त्यानंतर दोन वर्षं वीस मिनिटं चालून पलीकडच्या बेकरीत जात राहिले. बाई वाईट नव्हत्या, असंही वर सांगायचे.

बाकी लोक या खेळातली धडाधड बघतात. मामांना आवडायचा तो धडाधड सुरू होण्याआधीचा क्षण. "जावईबापू, बघा," रिमोटने चित्र थांबवून ते म्हणायचे, "बावीस धिप्पाड माणसं वाकून उभी. कुणी हलत नाही. श्वाससुद्धा रोखलेला. मॅच ती एवढीच. नंतरची धावाधाव काय, कुणालाही येते." ब्रेकवाल्या माणसाला थांबण्याचं कौतुक असणारच. एका वर्षी ऐन मॅचमध्ये स्टेडियममधले अर्धे दिवे गेले आणि खेळ अर्ध्या तासाहून जास्त खोळंबला. ते रेकॉर्डिंग सगळ्या जगाने पुढे ढकलून बघितलं असेल. मामांनी तो अंधुक अर्धा तास मिनिटामिनिटाने बघितला, पुढेही कितीदा तरी बघितला. ते डोंगराएवढे खेळाडू गवतावर पाय पसरून बसलेले, कुणी पाठीवर पडून वर बघतोय, कुणी उगाच बुटाची नाडी सोडून बांधतोय. "आमच्याकडे दशावतारात पेट्रोमॅक्स विझला की राक्षससुद्धा असेच बसायचे," मामा हळू आवाजात म्हणायचे. बाहेर बर्फ पडत असायचा, खोलीत तो सोनेरी अर्धा उजेड असायचा, आणि आपण कुडाळात आहोत, अमेरिकेत आहोत की झिंडेलफिंगेनमध्ये, हे मलाही नीट सांगता आलं नसतं.

खेळाचे इंग्रजी शब्द त्यांनी कधीच हद्दपार केले होते. चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू म्हणजे 'कारभारी'. चेंडू हातून निसटला की "सांडलान!" दुसऱ्या संघाने मध्येच झेलला की "उचललान!" आणि अगदी शेवटच्या सेकंदाला, दुसरं काहीच सुचत नाही म्हणून लांबवर चेंडू भिरकावतात, त्या फेकीचं मामांनी ठेवलेलं नाव होतं 'देवाक काळजी'. जुन्या फायनलींमधले प्रसिद्ध क्षण ते नुसते सांगत नसत, करून दाखवत. एका खेळाडूने पडता पडता चेंडू एका हाताने आपल्या हेल्मेटवर दाबून धरला होता. तो झेल समजावताना त्यांनी सुपरमार्केटमध्ये कोलराबीचा, म्हणजे नवलकोलाचा, गड्डा कपाळाशी धरला आणि भाजीच्या मांडणीसमोर मागे रेलले. एका आजीबाईंनी घाबरून "आपण ठीक आहात ना?" विचारलं, तर म्हणाले, "गेनाऊ! अस्साच धरला होता." आणखी एका फायनलमध्ये जिंकायला एक यार्ड उरलेला असताना कारभाऱ्याने पळायचं सोडून चेंडू फेकला आणि तो समोरच्यांनी उचलला. ते घडलं त्या आठवड्यात मामा आमच्याकडे जेवायला आले ते खिशात टेप घेऊनच. टेबलापासून सोफ्याकडे एक यार्ड मोजला, मला मध्ये उभा केला आणि म्हणाले, "टाका पाऊल." मी टाकलं. "पोचलात ना? मग!" मृदुला वाटीत आमटी घेऊन ताटकळत होती. मामांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

ते कुठल्याच संघाचे नव्हते. जो मागे पडेल त्याचे.

दोन हजार सतराच्या जानेवारीत मामांच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, बायपास करायचं ठरलं, आणि सर्जननी तारीख दिली ती नेमकी सुपर बोलच्या दुसऱ्या दिवसाची, सोमवारची. "सोमवारी मला वेळ नाही," मामा म्हणाले. सर्जन कागदावरची नजर न उचलता म्हणाले, "तुमच्या हृदयालाही नाही." शुद्ध हरपली तर आपल्या बाबतीत काय करावं, काय करू नये, याचा एक कागद इथे आधी भरून देतात. मामांनी तो नीट भरला आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: 'कोणत्याही परिस्थितीत मॅचचा निकाल सांगू नये.' नर्सने ती वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि शिक्का मारला.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी मला दोन मिनिटं आत सोडलं तेव्हा मामा नळ्यांच्या जाळ्यात अर्धवट जागे होते. ओठ हलले. वाकून ऐकलं तर, "किती झाले?" आणि लगेच स्वतःच्याच प्रश्नाला घाबरून त्यांचा सुया टोचलेला हात कानाकडे जायला लागला. मी तो धरला आणि खाली ठेवला.

पंचाईत अशी होती की मला निकाल माहीत होता. सोमवारी सकाळी मृदुला इस्पितळात थांबली होती आणि मी दोन तासांपुरता ऑफिसात गेलो, तर तिथे दुसरा विषयच नव्हता. अशी मॅच कधी झालीच नव्हती म्हणे. पांढऱ्या कपड्यांतला संघ अट्ठावीस-तीन असा मागे पडला होता. तिथून त्यांनी बरोबरी गाठली, आणि सुपर बोलमध्ये पहिल्यांदाच जादा वेळ खेळवावा लागला. चौथ्या दिवशी मामांनी मॅच मागितली. मी कॉरिडॉरमध्ये त्यांच्या तरुण डॉक्टरीणबाईंना गाठलं आणि विचारलं, एखादी मॅच बघितली तर चालेल का?

"कुठली मॅच?"

"रविवारची."

त्या दोन पावलं मागे सरकल्या. "ती? देवा रे! मी स्वतः बघितली आहे. दुसरी कुठलीही दाखवा. त्यांना आउफरेगुंग, खळबळ, अजिबात नको."

पण मग त्यांनी दाराच्या काचेतून आत बघितलं. मामा उशीला टेकून दोन्ही हात पोटावर ठेवून वाट बघत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आल्झो... रोज दहा मिनिटं. बसून. नंतर नाडी बघायची."

असा त्या औषधाचा कोर्स सुरू झाला. शाळा सुटली की मी रेवाला, आमच्या अकरा वर्षांच्या मुलीला, घेऊन इस्पितळात जायचो. रेकॉर्ड केलेली मॅच तिच्या लॅपटॉपवर होती, त्यामुळे ती लागायचीच. तिलाही वर्गात निकाल कळला होता, पण तिने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मराठी तिला सगळं समजायचं. उत्तर मात्र जर्मनमध्ये. मामा मराठीत विचारणार, ती जर्मनमध्ये सांगणार, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललेलं. दहा दिवसांनी मामांना रेहात हलवलं, म्हणजे ऑपरेशननंतर ताकद भरून काढायला ठेवतात तिथे. गाडीने पाऊण तास, सभोवती उंच काळी झाडं, खिडकीबाहेर दिवसभर धुकं. मॅचही सरकत सरकत अट्ठावीस-तीनपर्यंत आली होती.

"बंद कर गो," मामा म्हणाले. "मेली बिचारी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅच नको म्हटलं. तिसऱ्या दिवशीही. मला वाटलं होतं तसं ते मॅचपुरतं नव्हतं. व्यायाम शिकवणाऱ्या बाई सांगत होत्या, हे चालायला उठत नाहीत. सूप तसंच परत जातंय. मी समजूत काढायला लागलो तर शांतपणे म्हणाले, "जावईबापू, कधी उठायचं हे जसं कळायला हवं, तसं कधी उठायचं नाही हेही कळायला हवं माणसाला." चेष्टा वाटावी असं वाक्य, पण चेहरा चेष्टेचा नव्हता. बायपासनंतर मन असं बसतं, असं डॉक्टर म्हणालेच होते. एक शब्द बोललो असतो तर ते उठून बसले असते, आणि तोच एक शब्द बोलायची बंदी त्यांनी सहीनिशी घातली होती. चौथ्या दिवशी घरी निघताना मी रेवाला म्हटलं, "चल." ती हलली नाही. पलंगाशी जाऊन उभी राहिली, आणि मी तिच्या तोंडून कधी सलग ऐकली नव्हती अशी तीन वाक्यं म्हणाली.

"मामाआजोबा, मी बघायचं आहे. मला हा खेळ येत नाही. तुम्ही मराठीत सांगा."

मामा तिच्याकडे बघत राहिले. "पुढे काही नाही गो त्यात."

"तरी सांगा."

मग त्यांनी हात पुढे केला, तिने उशी मागे सरकवली, आणि ते बसले.

त्यानंतरचे दिवस मला नीट वेगवेगळे आठवत नाहीत. एकच लांब, धुरकट दुपार आठवते. मामा सांगतायत, रेवा विचारतेय. "हा का पडला?" "पाडलान त्याला." "का पाडलान?" तिचं मराठी कुडाळहून सुरू झालं, हे मृदुलाला फार आवडलं. दहा मिनिटांत तीन-चार चाली व्हायच्या, आणि पांढऱ्या कपड्यांतली पोरं इंचाइंचाने वर यायची. लॅपटॉप बंद केल्यावर मामा रेवाचा हात धरून कॉरिडॉरमध्ये चालायचे. आधी दारापर्यंत, मग जिन्यापर्यंत, मग बाहेरच्या बाकापर्यंत. एका चालीत चेंडू तिघांच्या हाता-पायांवर आपटून खाली निघाला आणि जमिनीला टेकायच्या बोटभर आधी एकाने तो वरच्या वर धरला. मामांनी ती चाल अकरा वेळा मागे नेऊन बघितली. नाडी बघायला आलेल्या नर्सने मनगट सोडलंच नाही. तीही बघत उभी राहिली.

रेहाच्या शेवटच्या दिवशी जादा वेळ झाला, आणि पांढरे जिंकले. मामा ओरडतील म्हणून मी पाण्याचा पेला घेऊन तयार होतो. ते ओरडले नाहीत. कागदाचे रंगीत तुकडे वरून पडत होते, आणि त्यांच्या खालून लाल कपड्यांतले हरलेले खेळाडू एकेक करून बाहेर जात होते. मामा त्यांच्याकडे बघत होते.

रेवाने विचारलं, "हे आता कुठे जातात?"

"घरी."

"आणि मग?"

मामांनी जरा विचार केला. "मग कुणी जेवायला वाढलं तर जेवतात. झोप येत नाही. सकाळी उठून दात घासतात. तू रुमाल दे गो जरा."

आम्ही सामान गाडीत ठेवलं. बर्फ वितळून झाडांवरून पाणी टपकत होतं. मामा बॅग न घेता, पण कुणाचा हात न धरता, गाडीपर्यंत चालत आले.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले आणि कुडाळला गेले. तिथे आता मागच्या दारी झाडाखाली खुर्ची टाकून बसतात, फोनवर मासळी आणि पुतण्यांच्या भांडणांच्या बातम्या देतात. आवाज खणखणीत आहे. रेवा त्यांच्याशी मराठीत बोलते, आणि फोन ठेवला की माझ्याशी पुन्हा जर्मनमध्ये. मला तो खेळ अजूनही कळत नाही. पण इस्पितळाच्या वाटेने गाडी वळली की वाटतं, तीन-साडेतीन तासांची मॅच आपण महिनाभर पुरवली. जरा हात आखडता घेतला असता, तर आणखी एखादा आठवडा सहज निघाला असता.