दुसऱ्या सहामाहीतला प्रोसेसर

पेणला रामवाडीत माझं लग्नाचे अल्बम बनवायचं काम आहे. माझा जुना कॉम्प्युटर पार थकला होता. एक फोटो उघडायला सांगावा आणि तेवढ्यात भाजी फोडणीला टाकून यावं, अशी त्याची गत. मी नवा घ्यायचं ठरवलं, तर यांनी अडवलं. चिप बनवणाऱ्या कंपनीने म्हणे नवा प्रोसेसर वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत येईल असं जाहीर केलं होतं. आत्ता घेतलास तर पस्तावशील, असं यांचं म्हणणं.

मग कंपनी जे जे बोलेल ते हे मला जेवताना वाचून दाखवायला लागले. सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय. नमुने ग्राहकांना पाठवलेत. मी म्हटलं, ग्राहक तर मी, मग माझा नमुना कुठाय? तेव्हा कळलं, ग्राहक म्हणजे कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्या.

त्यातच रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या एका घरचं काम आलं. नवरामुलगा आखातात नोकरीला, सुट्टी संपत आलेली, आणि अल्बम त्याला सोबत न्यायचा होता. त्या दिवशी हे वाचत होते, "उत्पादनाची तयारी अंतिम टप्प्यात."

"तुमच्या रोह्याच्या कंपनीतला नवा प्लांट कधी सुरू होणार?" मी विचारलं.

"काम शेवटच्या टप्प्यात हाय."

"हे आपली पोरगी बालवाडीत होती तेव्हाही सांगितलं होतंत."

पोरगी आता पाचवीत आहे. यांनी मोबाईल पालथा ठेवला आणि आमटी ओरपली.

त्यानंतर हे एकदम पलटले. दुसरी सहामाही म्हणजे डिसेंबरचा शेवटचा दिवस, तोही नुसता जाहीर करायचा. दुकानात येईल तो पुढच्या गणपतीला, असा अर्थ लावून यांनी स्वतःच मला रोह्याला नेलं. दुकानात जो कॉम्प्युटर होता तो आम्ही उचलून आणला. अल्बम वेळेत पोचला.

पुढच्याच महिन्यात नवा प्रोसेसर आला. बोलल्याप्रमाणे, आणि थेट दुकानात. हे कामावरून आले ते चेहरा पाडूनच.

"वेळेवर काढला गो त्यांनी," म्हणाले, जणू कंपनीने यांना फसवलं होतं.

मला हसू आवरेना. त्यांना चहा दिला आणि शेजारी बसवून एका हळदीचे फोटो भराभर उघडून दाखवले. नवरदेवाच्या मामाचा नाच बघून तेही हसायला लागले.